मुलाच्या छातीत पाणी झालंय, पण टीबीच आहे हे ठरलं कसं?

एक्स-रेच्या रिपोर्टवर 'प्लुरल इफ्युजन' लिहून येतं आणि घरात एकच शब्द फिरायला लागतो: टीबी. करावे गाव असो की शेजारचं सीवूड्स. भीतीला कारणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगातल्या नव्या टीबी रुग्णांपैकी २६ टक्के भारतातले होते.

पण लहान मुलांमध्ये हे गणित बऱ्याचदा चुकतं.

हे पाणी फुफ्फुसात नसतं, त्याभोवतीच्या दोन पातळ आवरणांच्या मधे साचतं. मुलांमध्ये त्याचं नेहमीचं कारण न्यूमोनिया. पावसाळ्यात डेंग्यूनेही पाणी होतं, पण ते सहसा काढावं लागत नाही, काही दिवसांत आपोआप शोषलं जातं.

कारणच कळत नसेल तर?

मग पाणीच तपासायचं. सोनोग्राफीत जागा बघून सुईने थोडं काढतात. 'एकदा काढलं की सारखं काढावं लागतं' ही भीती चुकीची आहे. पाणी पुन्हा साचतं ते मूळ आजारामुळे.

खरा घोळ 'एडीए' चाचणीचा. आकडा वाढलेला दिसला की थेट एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होऊ शकतात. पण पू झाला असेल किंवा लिम्फोमा असेल तरी एडीए वाढतं. उलट सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाहीच, असंही नाही. या पाण्यात जंतू फारच कमी असतात. म्हणून घरात कुणाला टीबी आहे का, मुलाचं वजन घटतंय का, हेही धरावं लागतं.

लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. तो दुर्मिळ आहे. पण निदानाआधीच स्टिरॉइड दिलं तर गाठ तात्पुरती आक्रसते, पाणी ओसरतं, सगळे निश्चिंत होतात आणि निदान लांबतं. त्यामुळे 'पाण्यातल्या पेशी तपासल्या का?' हा प्रश्न औषध सुरू होण्याआधीच विचारा. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका.

टीबी निघालाच तर सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. करावेकरांना नेरुळचं महापालिकेचं मीनाताई ठाकरे रुग्णालय जवळ आहे. धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर मात्र रिपोर्टची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा.

घरी तान्हं बाळ असेल तर लसीकरण कार्ड काढून बघा. न्यूमोनियाविरोधी पीसीव्ही लस मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस.