विसराळूपणावर हळदीची कॅप्सूल?

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींमधला दाह कमी करतं, हे खरं आहे. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे तुमचे वडील नव्हेत! तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. तरी ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून महागड्या बाटल्या खपतातच.

जिंकोची तर मोठी चाचणी झाली. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढच्या ३,०६९ लोकांपैकी काहींना जिंको, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन सुमारे सहा वर्षे पाहिलं. २००८ साली निकाल आला: जिंकोने डिमेन्शिया टळला नाही.

वनस्पतींशी माझं वैर नाही. गॅलँटामिन हे अल्झायमरचं औषध मुळात फुलझाडांच्या कंदातूनच मिळालं. ते थोडाफार आधार देतं, आजार थांबवत नाही. पण त्याचा डोस ठरलेला आहे, दुष्परिणाम लिहिलेले आहेत.

राग येतो तो वाया गेलेल्या महिन्यांचा. विसराळूपणामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या असू शकतात. यावर उपाय आहेत. बी-१२ची कमतरता मात्र रेंगाळली तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून कॅप्सूलच्या आधी या तपासण्या करा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जिंको स्वतःहून घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.