गोंडीचा हक्क आणि मराठवाड्याचे कर्तव्य

निजामी राजवटीत जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. घरी मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलाला शिक्षणाची आणि नोकरीची वाट परक्या भाषेतून काढावी लागे. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० चा महाराष्ट्र यांनी हा अन्याय दूर केला.

त्याच पुनर्रचनेत गोंडी भाषक मात्र अनेक राज्यांत विखुरले गेले. आज ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण आदी राज्यांत आहेत आणि सर्वत्र अल्पसंख्य आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. संस्कृत सांगणारे पंचवीस हजारही नव्हते. तरीही संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. संख्येपेक्षा प्रतिष्ठेचे वजन अधिक ठरते, असाच याचा अर्थ.

यावर ठरलेला आक्षेप असा की, गोंडी एक नाही आणि तिला एक लिपीही नाही. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. बालाघाटची गोंडी, आदिलाबादची गोंडी, गडचिरोलीची माडिया यांत अंतर आहे, हे खरे. लिप्याही अनेक आहेत: देवनागरी आणि तेलुगू वापरात आहेत, बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ च्या सुमारास स्वतंत्र लिपी रचली, आदिलाबादच्या गुंजाळा गावी २००६ साली आणखी एका लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली. या दोन्ही लिप्यांना २०१७ व २०१८ साली युनिकोडमध्ये स्थानही मिळाले. परंतु मराठीचा इतिहास काय सांगतो? शतकानुशतके दप्तर मोडीत आणि पोथी बाळबोधीत होती; वऱ्हाडी आणि मालवणीतले अंतर आजही मिटलेले नाही. प्रमाणरूप हे शाळा, छापखाना आणि राज्यसत्ता यांच्या पाठबळाने घडते. ते पाठबळ नाकारायचे आणि प्रमाणरूप नाही म्हणून दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

कुमराम भीम १९४० साली मारले गेल्यानंतर त्याच निजामी राज्यात, आदिलाबादच्या मार्लावाई येथे, १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथे देवनागरीतील गोंडी पाठ्यपुस्तके वापरात आली. सरंजामी राज्यात जे शक्य झाले, ते लोकशाहीत अशक्य कसे? संविधानाचा ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगतो. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी शाळा स्वतःच्या बळावर सुरू केली. तिला शासकीय मान्यतेसाठी झगडावे लागले, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट नाही.

मराठी शिकल्याशिवाय आदिवासी मुलाला बाजारपेठ आणि नोकरी मिळणार नाही, हे मान्यच. पण पहिली पायरी काढून घेतल्यावर दुसरी चढता येत नाही. आरंभ गोंडीतून, पुढे मराठीची जोड, आणि लिपीचा निर्णय त्या समाजाच्या हाती, ही पक्षाची मागणी असली पाहिजे.

जालन्यात गोंडी भाषक क्वचितच आढळतील. पण मंठा-परतूरच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते आणि जनगणना तिला हिंदीत जमा करते. तेथील मूल पहिलीच्या वर्गात काय समजते आणि काय समजत नाही, याची पाहणी कार्यकर्त्यांनी करावी. स्वतःच्या भाषेसाठी लढलेल्या मराठवाड्याने दुसऱ्याच्या भाषेसाठी उभे राहणे, हीच त्या लढ्याची खरी कसोटी होय.