काजळ आणि कात्री : जुन्या चित्रपटांविषयी आमचे मागणीपत्र

प्रति : सेन्सॉर बोर्डाचे हैदराबाद प्रादेशिक कार्यालय, दूरचित्रवाहिन्या व ओटीटी कंपन्या. प्रत आमच्याच सांस्कृतिक समितीला.



आम्ही हैदराबादेतले मराठी चित्रपटरसिक. गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंचावर सातवीतला एक मुलगा तोंडाला काजळ फासून, लुंगी नेसून ‘गुमनाम’मधल्या मेहमूदच्या गाण्यावर नाचला. टाळ्या कडाडल्या. मिरवणुकीत मर्फाचे ढोल वाजवायला बोलावलेले मर्फावाले मंचामागे चहा घेत होते. त्यांतल्या ए. सी. गार्ड्स वस्तीतल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी वादकाने खाली उतरलेल्या मुलाला विचारले, “साबून से निकल जाता ना बेटे, ये?” निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून त्या वस्तीला नाव पडले, हे आमच्यातल्या अनेकांना त्या दिवशी कळले.

पुढच्या सभेत काहींनी गाणेच कापायला लावा म्हटले. त्याला आमचा विरोध आहे.

राजा नवाथे यांचा हा चित्रपट १९६५चा. त्यात मेहमूदने केलेल्या बटलरची थट्टा दुहेरी : रंगाची आणि हैदराबादी बोलीची. त्या बोलीतला ‘नक्को’ म्हणजे आपला ‘नको’, आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ही मराठीकडूनच गेलेला. एवढी वर्षे आपण आपल्याच शब्दांना हसत होतो! ‘पडोसन’मधल्या मेहमूदच्याच दाक्षिणात्य मास्टर पिल्लईला हसताना निदान तो परका वाटत होता. कात्री लावली की हे सगळे पुसले जाईल आणि आमचे आजोबा कशाला हसत होते, ते नातवंडांना कळणार नाही.

२०२०मध्ये एचबीओ मॅक्सने वंशभेदी चित्रणावरून ‘गॉन विथ द विंड’ काढून घेतला, पण थोड्याच दिवसांत अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रस्तावनेसह अखंड परत आणला. आम्हाला तेच हवे आहे.

१. वंशाचा अवमान करणारी दृश्ये नसावीत, हा प्रमाणनाचा निकष नव्या चित्रपटांना जरूर लावा. जुन्या प्रती त्यासाठी कापू नका.

२. आधी जाणकाराचे तीन-चार मिनिटांचे निवेदन द्या. ‘भावना दुखावण्याचा हेतू नाही’ ही पाटी नको, ती कोणी वाचत नाही.

३. सुटी गाणी मुलांच्या कार्यक्रमांत लावू नका. त्या मुलाने चित्रपट पाहिलाच नव्हता. फोनवर फक्त गाणे पाहिले होते. खरी अडचण इथे आहे, कारण सुट्या तुकड्याला प्रस्तावना जोडता येत नाही.

४. सांस्कृतिक समितीने काजळ फासलेला नाच मंचावर घेऊ नये. चित्रपट १९६५चा असला तरी मंच आजचा आहे. आणि यंदा मर्फावाल्यांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत मांडाव्यात.