बक्षिसांच्या यादीत नसलेली नावं

कॉलेजात आल्यापासून एक वाक्य मी सारखं ऐकतेय. सेमिनार असो, प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन असो नाहीतर गॅदरिंगचं अँकरिंग, कोणीतरी म्हणतंच, "तुझं काय गं, तू कॉन्व्हेंटची! तुम्हाला स्टेजची भीती नसतेच." म्हणणाऱ्याला वाटतं की हा सगळा इंग्रजीचा प्रताप आहे. माझं मत जरा वेगळं आहे, आणि ते मांडण्यासाठीच संपादक मंडळाकडून ही दोन पानं मागून घेतली आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करते. ख्रिश्चन शाळा म्हणजे इंग्रजी शाळा असं समीकरण नाही. वसईत चर्चने चालवलेल्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. त्यामुळे धीटपणा येत असेल तर तो भाषेतून नक्कीच येत नाही. स्टेजची भीती जाते ती स्टेजवर चढल्याने. या शाळांमधून स्टेजवर चढायची वेळ जवळजवळ प्रत्येकावर येते, आणि त्याचं श्रेय जातं 'हाऊस' नावाच्या भानगडीला.

ज्यांच्या शाळेत हा प्रकार नव्हता त्यांच्यासाठी सांगते. शाळेत नाव घातलं की युनिफॉर्मवर एक रंगीत बिल्ला लागतो. लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा. रक्तगटासारखा तो दहावीपर्यंत बदलत नाही! मूळ पद्धत इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांची. तिथे मुलं खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहायची. आपल्याकडच्या डबा घेऊन येणाऱ्या मुलांच्या शाळेत घर गळून पडलं आणि रंग तेवढा उरला. मग वर्षभर या चार रंगांची चुरस. मार्चपास्ट, रिले, वक्तृत्व, समूहगीत, रांगोळी, विज्ञान प्रदर्शन, नाताळचं नाटक... सगळ्याचे गुण हाऊसच्या खात्यात जमा.

मुलांचे गट पाडून चुरस लावायची युक्ती तशी फार जुनी आहे. मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स या शाळा जेझुइट संघाच्या. या संघाने १५९९ मध्ये आपल्या शाळांसाठी 'रॅशिओ स्टुडिओरम' नावाची नियमावली काढली. त्या काळी युरोपातल्या त्यांच्या शाळांत एकाच वर्गाचे 'रोम' आणि 'कार्थेज' असे दोन तट पाडले जात. प्रत्येक मुलाला समोरच्या तटातला एक प्रतिस्पर्धी ठरवून दिलेला असे. म्हणजे शेवटच्या बाकावरच्यालाही कोणीतरी जोडीदार होताच, तो नुसता प्रेक्षक राहू शकत नव्हता.

दुसरं उदाहरण डॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांचं. माटुंग्याची शाळा ज्यांच्या नावाची, ते हे. इटलीतल्या खेड्यात वाढलेला हा मुलगा डोंबाऱ्यासारखा दोरीवर चालायला आणि जादूचे प्रयोग करायला शिकला होता. ते दाखवून तो गावातली पोरं जमवायचा. पुढे धर्मगुरू झाल्यावर तुरिन शहरात पोटासाठी आलेल्या गरीब मुलांना त्यांनी जवळ केलं. तिथेही शिकवण्याबरोबर मैदान, गाणं आणि बँड होताच. या मुलांमध्ये कोण हुशार, कोण कलाकार, अशी निवड नव्हती. जो येईल तो आपला.

आता आमच्या शाळेचा हिशोब सांगते. पहिल्या नंबरला दहा गुण, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला पाच आणि नुसता भाग घेतला तरी एक. मला विचाराल तर सगळी जादू या शेवटच्या एका गुणात आहे. कारण त्या एकासाठी आमची हाऊस कॅप्टन मधल्या सुट्टीत वर्गावर्गातून फिरून मुली गोळा करायची. "तुला काय येतं?" असं ती विचारायचीच नाही. "तुझं नाव कशात लिहू?" एवढंच विचारायची!

आमच्या हाऊसमध्ये एक मुलगी होती. हजेरीला 'प्रेझेंट टीचर' म्हणताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. सातवीत तिला वक्तृत्वाला उभं केलं. चार ओळी झाल्या आणि पुढचं सगळं विसरली. खाली उतरली तेव्हा कॅप्टनने काय केलं असेल? तिची पाठ थोपटली आणि वहीत एक गुण मांडला. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी राहिली आणि भाषण शेवटपर्यंत केलं. नंबर तेव्हाही आला नाही, पण नववीत सकाळच्या असेंब्लीत बातम्या वाचायला तीच असायची. तिच्या नावावर शाळेत एकही बक्षीस नाही. मला मात्र आमच्या शाळेची सगळ्यात मोठी अचीव्हमेंट तीच वाटते.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. गुण देताना शाळेने सगळ्यांना धरलं, पण नावं लावताना विसरली. ऑफिसबाहेरच्या लाकडी बोर्डावर सोनेरी अक्षरांत दरवर्षी तीनच नावं. शाळेच्या अंकातले फोटोही ट्रॉफी घेतलेल्यांचेच. मार्चपास्टमध्ये तिसऱ्या रांगेत पाय जुळवणाऱ्या चाळीस जणी कुठेच नाहीत. भाषेच्या बाबतीत तर त्याहून वाईट. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाचा मोठा कार्यक्रम! ज्या शाळेने प्रत्येकीला स्टेज दिलं, तिनेच घरी मराठी बोलणाऱ्या अर्ध्या वर्गाला उरलेलं वर्षभर गप्प बसवलं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

जिंकलेल्यांचीच नावं लक्षात ठेवायची खोड फक्त शाळांना आहे असंही नाही. फेब्रुवारी १९८८ मधला हॅरिस शील्डचा तो सामना सगळ्यांना पाठ आहे. शारदाश्रमचे सचिन आणि विनोद, ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. पण समोर कोण होतं? सेंट झेवियर्स हायस्कूल! सुनील गावसकर ज्या शाळेत शिकला, त्याच शाळेची पोरं आझाद मैदानावर उन्हात चेंडूमागे धावत होती. शारदाश्रमच्या ७४८ धावांपुढे ती १४५ मध्ये गारद झाली. स्कोअरकार्डवर बघितलं तर दारुण पराभव. त्या दिवशी मार खाल्लेल्या गोलंदाजांत एक सायराज बहुतुले होता. त्याने चेंडू खाली ठेवला नाही. पुढे मुंबईकडून खेळला, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सहाशेहून जास्त बळी घेतले आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. प्रत्येकाचा बहुतुले होत नाही, हे मान्य. बाकीचे दहाजण काय करतात, मला माहीत नाही. पण समोरचा कितीही मोठा असला तरी मैदान सोडायचं नाही, हे त्या वयात शिकायला मिळणं ही काय कमी कमाई आहे?

"अगं पण यात अभ्यासाचं नुकसान होतं ना," असं आमच्या सोसायटीतल्या काकू नेहमी म्हणायच्या. काकूंना माझ्या बॅचचं उदाहरण देते. आमची दहावी २०२१ ची. कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्याचा निकाल आला ९९.९५ टक्के! अख्खं वर्ष मोबाईलच्या पडद्यासमोर गेलं. ना स्पोर्ट्स डे, ना गॅदरिंग, ना सेंड-ऑफ. मार्कांचं नुकसान कोणाचंच झालं नाही. मग फर्स्ट इयरला आल्यावर व्हायव्हाला बाहेरच्या सरांसमोर एवढे जण थरथरत का होते? बुडालं होतं ते मैदान आणि स्टेज, आणि त्याची भरपाई कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

सरकारी कागदांवर या गोष्टींना मान आहे. बोर्डात खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर सांगतं की अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नको. पण आपण त्याचं काय केलं? सर्टिफिकेट केलं! पालक विचारतात, "याचे मार्क मिळतात का?" आणि आपण विचारतो, "रेझ्युमेत टाकता येईल का?" रेझ्युमेत 'अचीव्हमेंट्स'चा रकाना असतो. चार ओळी विसरून पुन्हा स्टेजवर चढलेल्या मुलीने त्यात काय लिहायचं?

आता जरा आपल्या कॉलेजकडे बघू. टेक फेस्ट घ्या, गॅदरिंग घ्या, एनएसएसचं पथनाट्य घ्या. पोस्टरवर तेच पंधरा चेहरे. त्यांचा दोष नाही, ती मंडळी राबतात. पण एका वर्गात साठजण असतात. उरलेले पंचेचाळीस चार वर्षं टाळ्या वाजवून डिग्री घेऊन जातात. त्यातले कित्येक जण गावाकडच्या मराठी शाळेतून आलेत. त्यांना "इंटरेस्टेड स्टुडंट्स मे अप्लाय" अशी नोटीस लावून काय होणार? जे आधीच धीट आहेत तेच नाव देणार. बाकीच्यांकडे कोणीतरी वही घेऊन जायला हवं.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, आंतरविभागीय ट्रॉफीत नुसत्या सहभागाचाही एक गुण धरा, म्हणजे मेकॅनिकल काय नि कॉम्प्युटर काय, प्रत्येक सीआर आपोआप मुलं शोधत फिरेल. दोन, वादविवाद, प्रश्नमंजुषा, अँकरिंग सगळ्यात मराठी चालेल असं नोटिशीतच लिहा, आणि ती नोटीस मराठीतही लावा. तीन, निकाल लावताना विजेत्यांच्या खाली भाग घेतलेल्या सगळ्यांची नावं छापा.

यातल्या एकाही गोष्टीला प्राचार्यांकडून निधी मंजूर करून घ्यावा लागत नाही. नोटीस बोर्डावरचा कागद जरा लांब होईल, एवढंच. यंदाचं गॅदरिंग अजून व्हायचंय. आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे एकदा वही घेऊन जाऊन तर बघा!