क्रोमवर चाललं म्हणजे झालं?

‘आमच्याकडे क्रोमवर तर चालतंय.’ वेबसाइट बनवणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. फायरफॉक्समध्ये फॉर्म पुढे सरकत नाही अशी तक्रार करावी, तर उत्तर मिळतं, ब्राउझर बदला. हा शुद्ध कामचुकारपणा आहे. ब्राउझरमध्ये पान पडद्यावर मांडायचं काम इंजिन करतं; एकाच इंजिनात चालणारं पान वेबचं नसतं. ते त्या इंजिनाच्या मालकाच्या मर्जीवर जगतं.

याचे चटके आपण एकदा सोसले आहेत. २००१ साली इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला, बाजार मायक्रोसॉफ्टच्या हातात गेला आणि काम थंडावलं. पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. तोवर त्याचे दोष हेच नियम होऊन बसले होते. त्या काळात अनेक भारतीय भाषांमधली वृत्तपत्रं युनिकोडऐवजी आपापल्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट पानासोबत आपोआप उतरवून घेणारी ईओटीची सोय एक्सप्लोररपुरतीच होती. दुसरा ब्राउझर उघडला की बातमीच्या जागी अगम्य रोमन अक्षरं दिसायची.

आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह अशी नावं वेगवेगळी, पण पोटात इंजिन एकच: ब्लिंक. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो सोडून दिलं, मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तोच रस्ता धरला. मोठ्यांपैकी उरले फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. त्यांना इतरांची पापं निस्तरावी लागतात. विकसकांनी पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘वेबकिट’ हा उपसर्ग सर्रास वापरला, म्हणून २०१६ मध्ये फायरफॉक्स ४९ला तो परका उपसर्ग ओळखायला शिकावं लागलं. वेबकिटच्या स्रोतात तर ‘क्वर्क्स’ नावाची फाइलच आहे. अमुक साइट आली तर असं वाग, तमुक आली तर तसं वाग, असं तिच्यात साइटच्या नावानिशी लिहिलेलं आहे. ही ठिगळं आहेत. बड्या साइटला ठिगळ मिळतं. तालुक्याच्या पतसंस्थेच्या साइटसाठी ते कोण शिवणार?

इंजिन सुधारायचा सरळ मार्ग माहीत नाही असं मुळीच नाही. वेबच्या मानकात पायरीपायरीने लिहिलं आहे ते तसंच अमलात आणा, आणि ज्या चाचणीवर तुम्हाला तपासलं त्याच चाचणीवर दुसऱ्यालाही तपासू द्या. बंद न केलेल्या टॅगचं काय करायचं हेसुद्धा एचटीएमएल ५ने नेमकं ठरवून दिलं, म्हणून आज चुकीचं लिहिलेलं पानही सगळ्या इंजिनांत एकाच पद्धतीने वाचलं जातं. ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ हा चाचण्यांचा संच सामाईक आहे. त्याच्याच जोरावर २०२२पासून ‘इंटरऑप’ उपक्रमात प्रतिस्पर्धी कंपन्या दरवर्षी ठरावीक विसंगती मिळून दूर करतात. मनात आणलं तर होतं, हे त्यांनीच दाखवून दिलंय.

पण चाचणीत पूर्ण गुण मिळाले म्हणून कुणी पाठ थोपटून घेऊ नये. चाचणीत जे विचारलंच नाही, ते तपासलंच जात नाही. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची सीएसएसमधली सोय घ्या. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या अक्षरं तोडण्याच्या सर्वसाधारण नियमाने मात्र त्याचे ‘स्’, ‘त्’ आणि ‘री’ असे तीन तुकडे होत. देवनागरी जोडाक्षर फोडू नये, हा नियम त्यात आला सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. म्हणजे केवळ त्या नियमावर विसंबलेलं इंजिन नियम पाळूनही मराठी मोडत होतं. कोट्यवधी लोक जी लिपी रोज वाचतात, तिची ही हेळसांड मला अक्षम्य वाटते. आणि तिचा दोष निम्मा आपलाही आहे, कारण आपण तक्रार नोंदवत नाही.

सरकारी खात्यांनी आणि बँकांनी वेबसाइटचं कंत्राट देताना एक अट घालावी: ब्लिंक, गेको आणि वेबकिट, तिन्हींत काम चाललं तरच बिल मंजूर. मराठी प्रोग्रामरांना माझं सांगणं आहे, ब्राउझरमध्ये जोडाक्षर तुटलेलं दिसलं तर समाजमाध्यमावर हळहळू नका. इंजिनाच्या दोषनोंदीत तक्रार टाका, सोबत देवनागरीतली छोटी चाचणी जोडा. या इंजिनांचा स्रोत खुला आहे आणि चाचण्याही कुणालाही लिहिता येतात. आपण लिहिल्या नाहीत, तर आपल्यासाठी दुसरं कुणी लिहिणार नाही.