आधी ऐकून तर घ्या!

मैत्रिणींनो, २ डिसेंबर २०२२ चं अकलूजचं लग्न आठवतंय? आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन जुळ्या बहिणींनी एकाच मुलाच्या गळ्यात हार घातला. व्हिडिओ घरोघरी फिरला, कलम ४९४ खाली अदखलपात्र गुन्हा नोंदला गेला, महिला आयोगाने लक्ष घातलं. आम्हीही हळदी-कुंकवात तोंडाला पदर लावून हसलो. पण उद्या या तिघांत काही बिनसलं, तर त्यांनी मन मोकळं करायला कुणाकडे जायचं? हे मात्र एकीनेही विचारलं नाही.

सगळ्यांना माहीत असताना, सगळ्यांच्या मर्जीने एकाहून जास्त नाती ठेवणं, याला शहरात 'पॉलिअॅमरी' म्हणतात. अशा लोकांना समजून घेण्यासाठी अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका विभागाने २०१८ मध्ये खास गटच नेमला. "ही थेरं आपल्याकडे कशाला?" असं मलाही वाटलं होतं.

मग एक ताई भेटली. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली. ही समुपदेशनाला गेली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "होकार तूच दिलास ना? मग आता रडतेस कशाला?" ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. घराबाहेर काढतील या भीतीने दिलेला होकार, त्याला होकार म्हणायचं का हो?

शिक्षण नेमकं इथंच लागतं. नाही म्हणायची सोय होती का? पैसा कुणाच्या हातात? मन बदललं तर परत फिरता येईल का? हे विचारता आलं पाहिजे. आणि कुणी खरंच राजीखुशीने तसं राहत असेल, झोप लागत नाही म्हणून आलं असेल, तर त्याला संस्कारांचं व्याख्यान देऊ नये.

कायदाही माहीत हवा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिला जोडीदार असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बायकोने संमती दिली तरी ते कायदेशीर होत नाही. व्यभिचार मात्र २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिला नाही, घटस्फोटाचं कारण आहे. समुपदेशकाने हे समजावून सांगावं, पण स्वतः न्यायाधीश होऊ नये.

अवघड आहे, अशक्य नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश समलिंगी जोडप्याचा खटला समजून घेण्यासाठी स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे जाऊन बसले. एवढ्या मोठ्या खुर्चीतला माणूस शिकतो, तर आपल्या तालुक्यातल्या समुपदेशकांना का शिकवू नये?

आणि आपणही शिकू या. पुढच्या वेळी एखादी सांगायला आली, की "लोक काय म्हणतील" हे आपल्या तोंडून पहिलं वाक्य येऊ नये. तिला आधी पाणी द्यावं, बसवावं आणि ऐकून घ्यावं. बोलायचं धाडस होत नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर तिच्या हातात ठेवावा.