डिकीची खडखड, शेजाऱ्याची तावदाने

मोटारीत बसविलेल्या सबवूफरच्या खर्जाने डिकी खडखडू लागली की मालकाचे चित्त अस्वस्थ होते. हजारो रुपये मोजून आणलेल्या यंत्रातून गाण्याबरोबर जुन्या एस. टी.च्या खिडक्यांचाही नाद ऐकू यावा, हे कोणालाच रुचणार नाही. ही खडखड घालविण्याच्या खटाटोपाला हसण्याचे कारण नाही. त्यामागे पदार्थविज्ञान आहे आणि बव्हंशी ते स्वस्तातले आहे.

प्रत्येक पत्र्याचे एक स्वाभाविक कंपन असते. सबवूफरचा खर्ज सेकंदाला साधारणतः २० ते १०० कंपनांचा. त्यातील एखादा स्वर पत्र्याच्या कंपनाशी जुळला की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसा पत्रा वाढत्या जोराने थरथरतो. पुष्कळदा मात्र दोषी पत्रा नसतोच. सैल नंबर प्लेट, स्टेपनीजवळचा जॅक, सुटे पान्हे, मागच्या काचेखालची फळी किंवा झाकणाचे ढिले कुलूप यांचाच तो गलबला असतो. एकाने आत बसून खर्जाचे स्वर क्रमाने वाजवावेत आणि दुसऱ्याने एकेक भाग हाताने दाबून पाहावा. जेथे हात ठेवताच आवाज थांबतो, तेथेच उपाय करावयाचा. प्लेटमागे फोमची पट्टी लावली, हत्यारे जुन्या कापडात गुंडाळली आणि झाकण टेकते ते रबरी गट्टू जरासे बाहेर काढले, तर अनेकदा एवढ्यानेच भागते. तरीही पत्रा वाजत राहिला, तर त्याला आतून अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले ब्युटिल रबर चिकटवितात. थरथर त्या रबरात जिरते आणि तिची किंचित उष्णता होते. सबंध पत्रा मढविण्याचीही गरज नसते. सपाट भागाचा चौथा हिस्सा झाकला तरी बराच फरक पडतो. वजन लादले की कंपनाचे स्वरूप बदलते, हे तबल्यावर शाई चढविणाऱ्या कारागिराला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली प्रसिद्ध केले.

येथवर तक्रारीला जागा नाही. परंतु खडखड थांबली म्हणजे खर्ज थांबला, असे नव्हे. रबर थरथर जिरविते ती पत्र्याची. हवेतून बाहेर पडणाऱ्या लाटेला त्याचा अटकाव फारसा होत नाही. ५० कंपनांच्या स्वराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. असा खर्ज तावदानांतूनच काय, भिंतींतूनही आत शिरतो. वास्तविक खडखड ही मोटारीने मालकाला दिलेली सूचना होती. ती बंद पाडल्यावर आवाज आणखी चढविण्याचा मोह होतो, आणि मग खडखडतात ती रस्त्याकडेच्या घरांची तावदाने. त्यामागे कोणी परीक्षेच्या अभ्यासाला बसलेले असते, कोणी पहाटेच्या पाळीसाठी लवकर निजलेले असते. मिरवणुकांतील डीजेच्या भिंतींविषयी निदान ओरड तरी होते. मोटारीतला खर्ज क्षणात पुढे निघून जातो आणि तक्रार करणारा हात चोळीत बसतो.

कायदा आहे, पण त्याचा कान उंच स्वरांकडे लागलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. हे मोजमाप 'ए' श्रेणीत करावयाचे असते. मंद आवाजाच्या बाबतीत माणसाचा कान खर्जाला कमी दाद देतो, या आधारावर ही श्रेणी ५० कंपनांच्या स्वरातून तब्बल ३० डेसिबल वजा करते. म्हणजे खिडकीशी ७० डेसिबलचा खर्ज घुमत असला, तरी उपकरणावर आकडा उमटतो ४०चा. मोटार निर्दोष ठरते आणि तक्रारदार चिडखोर. त्याच स्वरातून 'सी' श्रेणी जेमतेम सव्वा डेसिबल वजा करते, आणि ध्वनिमापकांत बहुधा दोन्ही श्रेणींची सोय असते. रात्रीच्या खर्जाच्या तक्रारीत दोन्ही आकडे नोंदविण्याचा दंडक नियमांत घालणे अवघड नाही. त्यासाठी नव्या यंत्रांची खरेदी लागणार नाही, लागेल ती केवळ एक दुरुस्ती.

तोवर डिकीला रबर लावून देणाऱ्या कारागिराने आणखी एक परीक्षा घ्यावी. मोटारीची दारे लावून, मालकाला बाहेर दहा पावलांवर उभे करावे आणि मग गाणे सुरू करावे.